कन्सोल केबल काढण्यापूर्वी

आमच्या संस्थेच्या तीन इमारतींत मिळून सात नेटवर्क स्विच (संगणक आणि फोन एकमेकांना जोडणारी यंत्रे) आहेत आणि त्यांतला सर्वांत दूरचा स्विच तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुलूपबंद कपाटात आहे. एखाद्या पोर्टचे (केबल लावायच्या खाचेचे) व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर पाडलेला नेटवर्कचा वेगळा गट, बदलायचे असो किंवा एखादे पोर्ट सतत चालू-बंद का होते आहे हे पाहायचे असो, प्रत्येक वेळी किल्ली मागून घ्यायची, लॅपटॉप आणि कन्सोल केबल (स्विचला थेट जोडून कमांड देण्याची केबल) घेऊन तिथे जायचे आणि कपाटासमोर उभ्यानेच काम करायचे, असा आमचा अनेक वर्षांचा क्रम होता. त्या स्विचवर टेलनेट (नेटवर्कवरून दूरच्या यंत्राला कमांड देण्याची जुनी पद्धत) चालू होते, पण त्याचा पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते, म्हणून आम्ही ते वापरणे टाळत होतो. शेवटी या स्विचला सुरक्षित दूरस्थ व्यवस्थापन द्यायचे असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. प्रत्यक्षात द्यायच्या कमांड पंचवीसच्या आसपासच होत्या, तरी कामाला दीड दिवस लागला. त्या दीड दिवसात काय काय घडले, ते घडले त्याच क्रमाने लिहितो आहे, कारण या कामात कमांडपेक्षा त्यांचा क्रम अधिक महत्त्वाचा आहे असे माझे ठाम मत झाले आहे.

टेलनेट बंद करून एसएसएच (तेच काम मजकूर कूटबद्ध करून करणारी पद्धत) का, हा प्रश्न आमच्याकडेही विचारला गेला. आतले नेटवर्क आहे, मग धोका कसला, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे होते. टेलनेटचे आज प्रचलित असलेले मानक १९८३ सालचे आहे आणि त्यात दोन टोकांमधला सगळा मजकूर जसाच्या तसा जातो. हे सांगून पटत नाही, दाखवून पटते. म्हणून एका सुट्या स्विचवर खोटा पासवर्ड ठेवून मी टेलनेट जोडणी केली आणि त्याच वेळी वायरशार्क या प्रोग्रामने नेटवर्कवरून जाणारी पॅकेट (मजकुराचे छोटे तुकडे) टिपली. पासवर्डचे एकेक अक्षर वेगळ्या पॅकेटमधून, अगदी वाचता येईल असे जाताना दिसले. एसएसएचचा जन्मच अशा चोरीतून झाला आहे: हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड टिपत असल्याचे उघड झाल्यावर तातू युलेनेन यांनी १९९५ साली त्याची पहिली आवृत्ती लिहिली. टेलनेटचे पोर्ट (इथे सेवेला दिलेला क्रमांक) २३ आणि फाइल पाठवण्याच्या एफटीपीचे २१. त्यांच्यामधले मोकळे २२ त्यांनी मागून घेतले. ती टिपलेली पॅकेट पाहिल्यावर आमच्याकडे हा प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही.

कपाटाकडे जाण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घेतली. आमचा स्विच सिस्कोच्या आयओएस प्रणालीवर चालतो आणि या प्रणालीच्या जुन्या काही प्रतिमांमध्ये (सॉफ्टवेअरच्या फाइलींमध्ये) कूटलेखनाची सोयच नसते. ‘शो व्हर्जन’ या कमांडने प्रतिमेच्या फाइलचे जे नाव दिसते त्यात ‘के९’ ही अक्षरे असतील तर ती सोय आहे, नसतील तर ‘क्रिप्टो’ने सुरू होणारी कमांड स्विच ओळखतच नाही. आमच्या प्रतिमेत ती अक्षरे होती. ती नसती तर आधी सॉफ्टवेअर बदलावे लागले असते.

कन्सोलवर पोहोचल्यावर पहिली अडचण आली ती अगदी साधी. टर्मिनल प्रोग्राममध्ये वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही आणि स्टॉप बिट १ असे भरले होते, पडद्यावर स्विचचा मजकूरही स्वच्छ दिसत होता, पण कीबोर्डवर दाबलेले एकही अक्षर उमटत नव्हते. केबल बदलली, यूएसबीचा अडॅप्टर बदलला, आणि मग लक्षात आले की फ्लो कंट्रोल (दोन टोकांनी एकमेकांना ‘थांब’ आणि ‘पाठव’ असे इशारे देण्याची सोय) ‘हार्डवेअर’वर राहिले होते. ते ‘नन’ केल्याबरोबर स्विच बोलू लागला. अक्षरे दिसतात पण टाइप होत नाहीत, अशी स्थिती असेल तर सर्वांत आधी फ्लो कंट्रोल पाहावे. आम्ही तिथे पाऊण तास घालवला.

त्यानंतर काहीही बदलण्याआधी चालू कॉन्फिगरेशन पूर्ण छापून घेऊन फाइलमध्ये ठेवले. ‘नो आयपी डोमेन-लुकअप’ हीदेखील लगेच दिली, कारण ती नसेल तर चुकीच्या टाइप केलेल्या प्रत्येक शब्दाला स्विच संगणकाचे नाव समजतो, त्याचा पत्ता शोधत बसतो आणि तोवर आपल्याला थांबवून ठेवतो.

आता मुख्य कामाकडे येतो. दुसऱ्या थराच्या, म्हणजे वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये वाहतूक न वळवणाऱ्या, स्विचच्या साध्या पोर्टला आयपी पत्ता देता येत नाही. पत्ता द्यावा लागतो तो एखाद्या व्हीलॅनच्या आभासी इंटरफेसला. मूळ व्यवस्थेत तो व्हीलॅन १ वर होता आणि त्याच व्हीलॅनवर कोणीही केबल लावली की संगणक जोडला जाई, म्हणजे व्यवस्थापनाचा पत्ता सर्वांच्या समोर होता. म्हणून व्यवस्थापनासाठी व्हीलॅन ९९ वेगळे ठेवले, त्याच्या इंटरफेसला १९२.१६८.९९.११ हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) दिला, ‘नो शटडाउन’ केले आणि इंटरफेस वर येण्याची वाट पाहिली. तो आला नाही. ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’मध्ये पहिल्या रकान्यात ‘अप’ आणि दुसऱ्यात ‘डाउन’ दिसत राहिले.

यामागे दोन कारणे होती आणि दोन्ही माझ्या समजुतीतली होती. इंटरफेस तयार केला म्हणजे व्हीलॅनही तयार झाले, असे मी धरून चाललो होतो. ते वेगळे तयार करावे लागते. ते केल्यावरही इंटरफेस खालीच राहिला, कारण त्या व्हीलॅनमधले किमान एक पोर्ट प्रत्यक्ष चालू आणि फ्रेम पुढे पाठवण्याच्या स्थितीत असल्याशिवाय आभासी इंटरफेस वर येत नाही. मी एक मोकळे पोर्ट व्हीलॅन ९९ मध्ये टाकून त्याला लॅपटॉपची दुसरी केबल जोडली, स्पॅनिंग ट्रीला (वाहतूक गोल फिरत राहू नये हे पाहणाऱ्या यंत्रणेला) आपले काम उरकायला अर्धा मिनिट दिला आणि मग दोन्ही रकान्यांत ‘अप’ दिसले. हे पोर्ट पुढे फार उपयोगी पडले, त्याविषयी नंतर लिहितो.

पत्ता मिळाला तरी तो मुख्य इमारतीपर्यंत पोहोचायला ट्रंकवरून, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या दोन स्विचमधल्या जोडणीवरून, व्हीलॅन ९९ जायला हवे होते. आमच्या ट्रंकवर परवानगी असलेल्या व्हीलॅनची यादी आधीपासून होती: १०, २० आणि ३०. त्यात ९९ मिळवायचे, म्हणून मी ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ९९’ अशी कमांड दिली. या कमांडमध्ये ‘ॲड’ हा शब्द नसेल तर स्विच जुन्या यादीत भर घालत नाही, जुनी यादी पुसून नवी लिहितो. तत्क्षणी १०, २० आणि ३० या तिन्ही व्हीलॅनची वाहतूक थांबली आणि त्या मजल्यावरचे सगळे संगणक आणि फोन तुटले. बाहेरून हाका ऐकू येण्याआधीच मला पडद्यावर चूक दिसली आणि मी ‘ॲड’सह तिन्ही व्हीलॅन पुन्हा घातली; सगळे मिळून मिनिटभरात पूर्ववत झाले. या मिनिटाचे मोल मी कमी मानत नाही, कारण संध्याकाळी काम संपल्यावर जे करायला हवे होते ते मी दुपारी केले होते. मात्र त्याहून मोठी गोष्ट अशी की मी त्या वेळी कन्सोलवर होतो. हीच कमांड त्याच ट्रंकवरून, मुख्य इमारतीत बसून दिली असती, तर चूक दुरुस्त करणारा हातही त्याच क्षणी तुटला असता. ट्रंकच्या दुसऱ्या टोकाचा बदल मग आम्ही, काम संपवून बाकीचे सगळे गेल्यावर केला, आणि तोही त्या टोकाच्या स्विचच्या कन्सोलवरून.

एसएसएच चालू करण्याची पायरी त्या मानाने सरळ होती. स्विचची ओळख पटवणारी आरएसए किल्ली तयार करण्यासाठी स्विचला स्वतःचे नाव आणि डोमेनचे नाव द्यावे लागते. ते नसेल तर स्विच तसे स्पष्ट सांगून किल्ली नाकारतो. किल्लीची लांबी विचारली जाते तेव्हा समोर येणारा आकडा तसाच स्वीकारू नये. काही आवृत्त्यांमध्ये तो ५१२ असतो आणि एसएसएचच्या दुसऱ्या आवृत्तीला किमान ७६८ बिट लागतात. आम्ही २०४८ ठेवली. जुन्या प्रोसेसरला ती तयार करायला बराच वेळ लागतो. त्या काळात पडदा स्तब्ध राहतो, तेव्हा घाबरून वीज बंद करू नये. त्यानंतर ‘शो आयपी एसएसएच’मध्ये आवृत्ती १.९९ अशी दिसली. तो काही स्वतंत्र मानकाचा क्रमांक नाही. पहिली आणि दुसरी दोन्ही आवृत्ती स्वीकारल्या जातील, एवढाच त्याचा अर्थ. पहिलीत मूलभूत दोष असल्याने ‘आयपी एसएसएच व्हर्जन २’ ही कमांड दिली.

वापरकर्ता तयार करताना ‘पासवर्ड’ आणि ‘सीक्रेट’ या दोन शब्दांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. ‘पासवर्ड’ने ठेवलेला शब्द ‘सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन’ लावल्यावर कॉन्फिगरेशनमध्ये अगम्य आकड्यांसारखा दिसतो, पण तो सातव्या प्रकारचा असतो आणि क्षणात उलटा करून वाचता येतो. ते केवळ खांद्यावरून डोकावणाऱ्याच्या नजरेपासूनचे संरक्षण आहे. ‘सीक्रेट’ने ठेवलेल्या शब्दाचा मात्र हॅश, म्हणजे उलटे करता न येणारे रूप, साठवला जातो. आम्ही देखभाल करणाऱ्या तिघांसाठी तीन स्वतंत्र नावे ठेवली, कारण कोणी काय बदलले हे नोंदीत दिसायचे असेल तर एकच नाव सगळ्यांनी वापरून चालत नाही.

मग दूरच्या जोडण्या स्वीकारणाऱ्या व्हीटीवाय ओळींकडे वळलो. छापून घेतलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये त्या दोन तुकड्यांत होत्या, ० ते ४ आणि ५ ते १५. पूर्वी कोणीतरी फक्त पहिल्या पाच ओळींची काळजी घेतली होती. मीही जुन्या टिपणावरून तेवढ्याच बदलल्या असत्या तर उरलेल्या अकरा ओळी जुन्याच सामायिक पासवर्डवर टेलनेटसाठी उघड्या राहिल्या असत्या. म्हणून ‘लाइन व्हीटीवाय ० १५’ असे सर्व सोळा ओळींना एकत्र घेऊन ‘लॉगिन लोकल’, ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’ आणि दहा मिनिटांचा निष्क्रियतेचा अवधी ठरवला. ‘लॉगिन लोकल’ देण्याआधी वापरकर्ता खरोखर तयार झाला आहे ना, हे पुन्हा पाहून घेतले. नाव अस्तित्वात नसताना ही कमांड दिली तर दूरून येणाऱ्या कोणालाच आत येता येत नाही.

पहिली जोडणी मी मुद्दाम मुख्य इमारतीतून केली नाही. व्हीलॅन ९९ मधल्या त्या मोकळ्या पोर्टला लॅपटॉप जोडलेला होताच. त्याला त्याच पट्ट्यातला पत्ता देऊन तिथूनच एसएसएच केले. यामागे विचार असा होता की पहिल्या जोडणीच्या वेळी एसएसएच प्रोग्राम समोरच्या यंत्राच्या किल्लीचा ठसा दाखवून विश्वास ठेवायचा का असे विचारतो आणि बहुतेक जण तिथे न वाचताच ‘यस’ लिहितात. लॅपटॉप आणि स्विच यांच्यामध्ये माझ्या डोळ्यांसमोरची दीड मीटर केबल सोडून दुसरे काही नव्हते, त्यामुळे तो ठसा याच स्विचचा आहे याची खात्री होती. तो मी लिहून घेतला आणि पुढे तिघांनी आपापल्या संगणकावरून जोडताना त्याच्याशी ताडून पाहिला.

पण ती जोडणी पहिल्या प्रयत्नात झाली नाही. लॅपटॉपवरचे ओपनएसएसएच (एसएसएचसाठीचे सॉफ्टवेअर) नवे होते आणि किल्ली-देवाणघेवाणीची जुळणारी पद्धत सापडत नाही, असा संदेश देऊन ते थांबले. दोष स्विचच्या मांडणीत नव्हता. ओपनएसएसएचने २०१५ साली ७.० आवृत्तीत सर्वांत जुनी देवाणघेवाणीची पद्धत मूळ मांडणीतून काढली आणि २०२१ साली ८.८ आवृत्तीत आरएसएच्या शा-१ या जुन्या हॅश पद्धतीवर आधारलेल्या सह्याही बंद केल्या. आमच्या स्विचचे सॉफ्टवेअर मात्र या बदलांच्या आधीचे आहे. लॅपटॉपच्या एसएसएच मांडणीत फक्त १९२.१६८.९९.११ या एका पत्त्यापुरता अपवाद लिहिला. सगळ्या पत्त्यांसाठी जुन्या पद्धती उघडून ठेवणे सोपे होते, पण मग इतर प्रत्येक यंत्राशी होणारी जोडणी विनाकारण दुबळी झाली असती. स्विचचे सॉफ्टवेअर बदलले की हा अपवाद काढायचा आहे, अशी नोंद मी त्या फाइलमध्येच करून ठेवली.

लॅपटॉपवरून काम होऊ लागल्यावर मी मुख्य इमारतीत बसलेल्या सहकाऱ्याला फोन करून जोडून पाहायला सांगितले. त्याच्याकडे काहीच घडत नव्हते. नकारही येत नव्हता, फक्त वाट पाहणे चालू होते. ट्रंकवर व्हीलॅन होते, त्याच्या बाजूने राउटरपर्यंतचा मार्ग ठीक होता, स्विचवरून राउटरच्या १९२.१६८.९९.१ या पत्त्याला पिंग जात होते. मग राउटरवर पाहिले तेव्हा सहकाऱ्याची पॅकेट व्हीलॅन ९९ मध्ये उतरताना दिसली, परत येणारे मात्र एकही नव्हते. याचा अर्थ स्विचला निरोप मिळत होता, पण उत्तर कोणाकडे सोपवायचे हे त्याला माहीत नव्हते. मी डिफॉल्ट गेटवे दिलाच नव्हता. ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे १९२.१६८.९९.१’ एवढे लिहिताच फोनवरून “आलो आत,” असे शब्द ऐकू आले. याबाबत दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. काही नेटवर्कमध्ये राउटर प्रॉक्सी एआरपीच्या सोयीने दुसऱ्यांच्या वतीने उत्तर देतो आणि ही उणीव अनेक महिने झाकली जाते. आमच्या राउटरवर ती सोय बंद होती, म्हणून ती लगेच उघड झाली. आणि स्विचवर राउटिंग चालू असेल तर ही कमांड उपयोगाची नसते, तिथे डिफॉल्ट मार्ग लिहावा लागतो. आमच्या सातांपैकी एका स्विचला ते लागू आहे.

शेवटचे मोठे काम प्रवेशावर बंधन घालण्याचे होते: देखभाल विभागाच्या १९२.१६८.५०.० या पट्ट्यातूनच जोडणी स्वीकारावी, अन्य कोठूनही नाही. हे मी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावरून, म्हणजे दूरूनच, करायचे ठरवले. कपाटातली कन्सोल केबल मात्र तशीच लावून ठेवली होती. आधी चालू कॉन्फिगरेशन जतन केले आणि मग ‘रीलोड इन १०’ ही कमांड दिली. दहा मिनिटांत मी ‘रीलोड कॅन्सल’ म्हटले नाही तर स्विच स्वतः पुन्हा सुरू होणार आणि जतन केलेल्या, चांगल्या स्थितीत परत येणार, ही यातली हमी आहे. बदललेले कॉन्फिगरेशन जतन करायचे का, असे ही कमांड विचारते तेव्हा ‘नो’ म्हणायचे असते, नाहीतर चूकच जतन होते आणि हमी संपते.

मग प्रवेशयादीत पट्टा लिहिला आणि ‘ॲक्सेस-क्लास’ने ती व्हीटीवाय ओळींना लावली. सुरू असलेल्या जोडणीवर या यादीचा परिणाम होत नाही, तो नव्याने येणाऱ्यांवर होतो, म्हणून पहिली खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून जोडून पाहिले. जोडणी नाकारली गेली. पहिल्या खिडकीत यादी छापली तेव्हा कारण कळले: सवयीने मी पट्ट्यापुढे २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क लिहिला होता, आणि इथे लागतो तो उलटा, ०.०.०.२५५ हा वाइल्डकार्ड मास्क. मी लिहिलेल्याचा अर्थ असा झाला होता की पहिले तीन भाग कोणतेही चालतील, पण शेवटचा भाग नेमका शून्य असावा; आमच्यापैकी कोणत्याच संगणकाचा पत्ता शून्याने संपत नाही आणि यादीच्या शेवटी बाकी सर्वांना न लिहिलेला नकार असतोच. ओळ काढून योग्य मास्कसह पुन्हा लिहिली, दुसरी खिडकी आत शिरली, तिसऱ्या एका पट्ट्यातून जोडणी नाकारली जाते हेही पाहिले, आणि घड्याळात सहावे मिनिट चालू असताना ‘रीलोड कॅन्सल’ दिले.

त्यानंतर वेब व्यवस्थापनाच्या एचटीटीपी आणि एचटीटीपीएस या दोन्ही सेवा बंद केल्या, साठ सेकंदांत तीन वेळा पासवर्ड चुकला तर दोन मिनिटे नव्या जोडण्या रोखल्या जातील असे ठरवले, आणि नोंदींवर खरी वेळ उमटावी म्हणून वेळ-सर्व्हरचा पत्ता दिला. दोन्ही टोकांवर कॉन्फिगरेशन जतन केले. एकदा मुद्दाम स्विच पुन्हा सुरू करून पाहिला, कारण आरएसए किल्ली छापलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये दिसत नाही आणि ती खरोखर टिकली आहे का, हे स्विच पुन्हा उठल्यावरच कळते. चार मिनिटांनी मी माझ्या टेबलावरून आत गेलो. ठसा आधी लिहून घेतलेल्या ठशाशी जुळला.

दुपारी पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेलो. लॅपटॉप जोडलेले ते मोकळे पोर्ट बंद केले. व्हीलॅन ९९ आता ट्रंकवर चालू असल्याने इंटरफेसला त्याची गरज उरली नव्हती, आणि व्यवस्थापनाच्या व्हीलॅनचे पोर्ट कपाटात उघडे ठेवणे योग्य नव्हते. खालून सहकाऱ्याने ते बंद झाल्यावरही आपली जोडणी टिकून असल्याचे सांगितले, तेव्हा मी कन्सोल केबल काढली. ती परत आणली नाही. फ्लो कंट्रोलसह टर्मिनलची पूर्ण मांडणी, स्विचचा पत्ता आणि किल्लीचा ठसा एका कागदावर लिहून तो कागद आणि ती केबल, दोन्ही कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस अडकवून ठेवले आणि कुलूप लावले.